सी. ए. नव्हे

चिखलीत बाजार समितीच्या रस्त्यावर, बियाण्यांच्या एका दुकानाच्या माडीवर, सरांचं ऑफिस होतं. अजूनही आहे. जिन्याच्या तोंडाशी निळ्या रंगाची पत्र्याची पाटी. वरच्या ओळीत सरांचं नाव, खाली 'कर सल्लागार', आणि त्याच्याही खाली, तेवढ्याच ठसठशीत पांढऱ्या अक्षरांत, 'सी. ए. नव्हे'. आपण काय आहोत ते लोक पाटीवर लिहितात. आपण काय नाही ते रंगवून घेणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला. पाटी रंगवताना पेंटरनं म्हणे विचारलं होतं, की मग 'डॉक्टर नव्हे' हेही टाकू का. सर म्हणाले, "डॉक्टर म्हणून मले कोणी हाक मारत नाही."

सीए म्हणून मात्र सगळं गाव हाक मारायचं. गावाचं तरी काय चुकलं? ज्याच्या टेबलावर फायली, हातात कॅल्क्युलेटर आणि कपाळावर आठी तो सीए, अशी आपल्याकडची सरळ व्याख्या आहे. सर लोकांची रिटर्नं भरायचे, जीएसटीची कामं करायचे. त्याला सीए असावं लागत नाही. पण ऑडिट आलं, म्हणजे जिथं सहीला किंमत असते असं काम आलं, की सर फाइल शेवटच्या पानापर्यंत स्वतः तपासायचे, सहीच्या जागी पेन्सिलीनं एक बारीक फुली मारायचे आणि ती फाइल खाली पाठवून द्यायचे. खाली त्याच इमारतीत एका तरुण सीएचं ऑफिस होतं. हा तरुण सीए सरांचाच विद्यार्थी. पहाटे सहाच्या फुकट शिकवणीत सरांनी घडवलेली जी दहा-बारा पोरं सीए होऊन बसली, त्यातला एक.

सर खाली आले की तो उठून उभा राहायचा, कारण गुरू आले. तो बसला नाही म्हणून सरही बसायचे नाहीत, कारण समोर सीए उभा आहे. दोघं उभ्या उभ्या अर्धा तास बोलायचे आणि खुर्चीत बसलेल्या पार्टीला, म्हणजे कामासाठी आलेल्या गिऱ्हाइकाला, कळेना की आपण उठावं की काय करावं. मी त्या ऑफिसात आर्टिकल होते, म्हणजे उमेदवारी करत होते. पहिल्या दिवशी हे दृश्य पाहिलं तेव्हा मला वाटलं कोणाला तरी श्रद्धांजली चालू आहे, म्हणून मीही उभी राहिले.

कोणी 'सीए साहेब' म्हटलं की सरांचं उत्तर ठरलेलं. "सीए नाही हो. व्हायचंय." समोरचा मान डोलवायचा आणि पुढचं वाक्य 'सीए साहेब'नंच सुरू करायचा. एकानं मुलीच्या लग्नपत्रिकेत सरांच्या नावामागे सीए छापलं. सर त्याच संध्याकाळी लाल पेन घेऊन त्याच्या घरी गेले, वाटायच्या राहिलेल्या पत्रिकांचा गठ्ठा मांडीवर घेतला आणि एकेका पत्रिकेवरची ती दोन अक्षरं खोडत बसले. यजमानांच्या घरून दोनदा चहा आला. ज्या पत्रिका आधीच वाटल्या गेल्या होत्या त्यांची यादी सरांनी मागितली, तेव्हा मात्र नवरीच्या बापानं हात जोडले.

सर फायनलच्या परीक्षेला माझ्या जन्माच्या आधीपासून बसत होते. त्यांच्या ऑफिसात एक लाकडी फळी होती, तिच्यावर फायनलच्या आजवरच्या सगळ्या अभ्यासक्रमांची पुस्तकं ओळीनं, चिठ्ठ्या डकवून लावलेली. पहिल्या चिठ्ठीवर 'जुना', दुसरीवर 'नवा', तिसरीवर 'नव्यानंतरचा', चौथीवर 'आता खरंच नवा'. पाचवीवर नुसतं प्रश्नचिन्ह. सीए नावाचं शिक्षण कसकसं बदलत गेलं ते त्या फळीवर डावीकडून उजवीकडे वाचता यायचं. सर सांगायचे की एक्साइज पाठ झाला तेव्हा एक्साइज गेला, व्हॅट पाठ केला तेव्हा व्हॅट गेला, आता जीएसटी पाठ करायची भीती वाटते, सरकारनं आपल्यामुळं तोही काढायला नको. एखाद्या पेपरात साठ मार्क पडले तर तो पुढच्या तीन वेळा द्यावा लागत नाही, अशी सवलत असते. सरांना अशा सवलती इतक्या वेळा मिळाल्या आणि इतक्या वेळा मुदत संपून गेल्या, की काकू म्हणायच्या, आमच्याकडं दुधाची पिशवीसुद्धा यापेक्षा जास्त टिकते.

काकू म्हणजे सरांच्या पत्नी. त्यांची एकच तक्रार होती. "पोळा वर्षातून एकदा येते, दिवाळी एकदा येते. यांची परीक्षा पह्यले दोनदा यायची, आता तीनदा येऊन राह्यली. सण कोणता धरावा मानसानं?" तरी परीक्षेचा डबा त्याच करायच्या. मेथीचे पराठे आणि शेंगदाण्याची चटणी, कारण वांगं खाल्लं की सरांना झोप यायची.

निकालाच्या दिवशी सर सकाळी उठून आधी पेढे आणायचे. निकाल दुपारी. नापास झाल्यावर आणायला गेलो तर हलवाई विचारतो कशाचे, आणि पास झाल्यावर गेलो तर तो किलोमागं भाव वाढवेल, असं त्यांचं गणित. मग निकाल काही लागो, पेढे वाटले जायचे. ज्या पेपरात सगळ्यांत जास्त मार्क, त्या पेपराच्या नावानं. मी कित्येकदा 'अप्रत्यक्ष कराचा पेढा' खाल्लेला आहे.

एवढा हुशार माणूस नापास का होतो, हे कोडं मला बरेच दिवस सुटलं नाही. पोरांना शिकवायचे तेव्हा अवघड गणित त्यांच्या हातात मऊ भाकरीसारखं व्हायचं. शेवटी एकदा त्यांनी माझ्यासमोर जुन्या प्रश्नपत्रिका आणि मागवून घेतलेल्या उत्तरपत्रिकांचा एक गठ्ठा उघडला आणि उलगडा झाला. सर प्रश्नाशी भांडायचे. पेपरात एखादी कंपनी असायची, अमुक लिमिटेड, कापसाची खरेदी करते, सगळा माल विमा न उतरवता जूनपर्यंत ठेवते, वगैरे. परीक्षा देणाऱ्यानं फक्त आकडे घेऊन पुढं जायचं असतं. सरांचं पेन तिथंच अडायचं. उत्तरपत्रिकेत ते आधी लिहायचे की असा जिनिंगवाला खामगावपासून जालन्यापर्यंत सापडणार नाही, आणि सापडला तर त्याला हिशेबापेक्षा सल्ल्याची गरज आहे. मग तो सल्ला. एक पान, दीड पान. मग गणित. मग घंटा व्हायची आणि दोन प्रश्न कोरे राहायचे.

"पार्टी पाह्यल्याबिगर आकडा पाहू नये," हे त्यांचं लाडकं वाक्य. परीक्षेत पार्टी दिसत नाही, हेच त्यांचं दुःख होतं.

आर्टिकलशिप संपली तरी मी त्या तरुण सीएंकडेच कामाला होते आणि फायनल देत होते. दोनदा नापास झाले. दुसऱ्यांदा तर प्रत्येक पेपरात चाळीसच्या वर होते, पण बेरजेत निम्मे मार्क लागतात, तिथं नऊ मार्कांनी गेले. त्या संध्याकाळी पुण्याच्या मावसभावाचा फोन आला. तो सॉफ्टवेअरमध्ये. त्यानं समजूत घातली की बरंच झालं, पाच वर्षांनी हे सगळं मशीनच करणार आहे, बिलाचा फोटो काढला की ताळेबंद तयार, तू कशाला आयुष्य घालवतेस. माझे वडील वांगी-टोमॅटो लावतात. त्यांनीही एवढंच विचारलं, की ज्या पिकाला पुढं भाव नाही ते लावावं का. खरं सांगायचं तर त्या विचारानं मला हलकंच वाटलं. सोडून द्यायला इतकं चांगलं कारण रोज मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी मी निरोप घ्यायला सरांकडे वर गेले. ते माझीच एक फाइल तपासत होते. जवळच्या गावातल्या शेतकऱ्यांनी मिळून काढलेली कंपनी, सोयाबीन घ्यायची, साफ करायची, विकायची. तिचं काम मी नव्या सॉफ्टवेअरवर केलं होतं. फोटो टाकले, याद्या टाकल्या, सॉफ्टवेअरनं सगळं वाचलं, जागच्या जागी बसवलं आणि शेवटी हिरवी खूण दिली. मला त्याचा अभिमानच होता. मी सीए सोडत असल्याचं सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सोड ना. पण उद्या गोदामावर चाल माह्यासंग, मंग सोड. इतकं सोयाबीन त्या गोदामात ठेवलं तर दार लागत नाही."

त्यांना कसं माहीत? तर गोदामाच्या उद्घाटनाला ते गेले होते आणि बुंदी खाताना भिंतीला टेकून बसले होते. तेवढ्यात त्यांनी गोदाम मापून घेतलं होतं.

आम्ही काळीपिवळी जीपनं गेलो. दार नीट लागलेलं होतं. कंपनीचा मॅनेजर म्हणजे गावातलाच पंचविशीतला मुलगा, प्रामाणिक, घाबरट. सरांनी एकही कागद मागितला नाही. हमालांशी गप्पा मारल्या, चहा घेतला, मग थप्पीतल्या एका पोत्यावर हात ठेवून विचारलं की हे वजनाला किती. साठ किलो, हमाल म्हणाला. आता शंभर किलोचं पोतं कोण उचलतं? सगळा माल कट्ट्यांत, म्हणजे छोट्या पोत्यांत येतो. मॅनेजरनं मार्चअखेरला कट्टे अगदी बरोबर मोजले होते. पण आमच्या भागात पोतं म्हणजे क्विंटल हे म्हाताऱ्यांपासून चालत आलंय, म्हणून मोजलेला आकडा त्यानं सरळ क्विंटलच्या रकान्यात लिहिला. सॉफ्टवेअरनं क्विंटल वाचलं. मी हिरवी खूण वाचली. नसलेलं सोयाबीन कागदावर उगवलं आणि त्यावर नसलेला नफा.

मॅनेजरचं तोंड उतरलं. पुढच्या महिन्यात सभासदांच्या सभेत तो नफा जाहीर होणार होता. आणि वर्षभरानं माल कमी भरला असता तेव्हा सगळ्या गावानं चोर कोणाला म्हटलं असतं, ते तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं. सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बजावलं की इथून पुढं लिहिलेलं वाचल्याशिवाय कोणाची सही घ्यायची नाही, माझी असली तरी. मला कोणी काही बोललं नाही. त्यामुळं मला जास्तच लाज वाटली.

परतताना गाडी मिळेना, म्हणून रस्त्याच्या कडेला कडुलिंबाखाली बसलो. मी मावसभावाचं म्हणणं सरांना सांगितलं. मला वाटलं ते मशीनला शिव्या घालतील. ते म्हणाले की तुझा भाऊ बरोबर बोलतो. मग म्हणाले, "बेरीज मशीनले देऊन टाक, माय. तिनं करावी, ती चांगली करते. पण लोकं सही काऊन मागतात? बेरजेसाठी नाही. उद्या काही चुकलं तर कोणाच्या दारात जाऊन उभं राहाचं, हे त्याईले माहीत पाह्यजे म्हणून. मशीनले दार आहे का?"

मी विचारलं, मग तुम्ही अजून परीक्षेला का बसता? तुमच्या दारात तर लोक तसेही येतात. सरांनी चपलेनं मातीत एक रेघ मारली. "मी तपासतो, अन् जबाबदारी पोरं घेतात. मी फुली मारतो, सही ते करतात. काही चुकलं तर त्याईले जाब द्या लागते, मले नाही. हे बरं नाही दिसत. एक तरी कागद असा पाह्यजे, जो मी तपासला अन् त्याच्याखाली मीच उभा आहो." इतकं सरळ बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं आणि मला त्यांच्याबद्दल एकदम फार माया वाटली.

काळीपिवळी आली तोवर सौदा ठरला होता. मी एकदा आणखी बसायचं, सरांनी माझ्याबरोबर बसायचं, आणि भांडण मी सांगेन तेव्हाच करायचं.

पुढचे पाच महिने आयुष्यातले सगळ्यांत मजेचे. अभ्यासक्रम पुन्हा बदललेला होता, काही भाग आता घरूनच संगणकावर शिकून त्याची परीक्षा द्यायची होती. मी सरांना ते शिकवलं. संगणकानं 'शाब्बास' असा निरोप दाखवला की सर त्याला 'थँक्यू' म्हणायचे. त्यांनी मला प्रश्न वाचायला शिकवलं. आकडे झाकून ठेवायचे आणि आधी सांगायचं, हा माणूस कोण आहे, याला काय हवंय, हा काय लपवतोय. मग आकडे उघडायचे. आश्चर्य म्हणजे निम्मं गणित आधीच सुटलेलं असायचं. भांडणाचा बंदोबस्त मी असा केला, की पेपर सुरू व्हायच्या आधी वाचायला पंधरा मिनिटं देतात, तेवढ्यात मनातल्या मनात भांडून घ्यायचं. घंटा झाली की समेट. सरांनी हे एका कागदावर लिहून खाली सही केली. ती सही त्यांना चालायची, कारण तिला ऑडिटची किंमत नव्हती.

परीक्षा अकोल्याला. सकाळच्या एसटीनं जायचो, संध्याकाळच्या एसटीनं यायचो. केंद्रावरच्या पोरांना वाटायचं सर मला सोडायला आलेत. पहिल्या दिवशी तर दरवाज्यावरचा माणूस त्यांना पालकांच्या बाकाकडे पाठवत होता. सरांनी प्रवेशपत्र दाखवलं तेव्हा त्यानं आपली खुर्ची पुढं केली.

शेवटचा पेपर नव्या धर्तीचा होता. पुस्तकं जवळ ठेवायची परवानगी, आणि प्रश्न म्हणजे एकेका कंपनीची लांबलचक गोष्ट. मालक कोण, भाऊ कोण, गोदाम कुठं, कर किती, भांडण कशावरून. सगळे विषय एकमेकांत मिसळलेले. पेपर संपला तेव्हा सर बाहेर येऊन सरळ एसटी स्टँडकडं चालू लागले. डबा उघडला नाही. मला वाटलं, नक्की भांडले. एसटी बाळापूरच्या पुढं आली तेव्हा ते खिडकीकडं बघत म्हणाले, "यावेळेस पार्टी खरी होती." आणि मग पराठा खाल्ला.

निकालाच्या दिवशी पेढे सकाळीच आलेले होते. दुपारी माझ्याच मोबाईलवर आधी माझा नंबर टाकला. फायनलचे पेपर दोन ग्रुपांत असतात; माझा एक सुटला होता, एक राहिला होता. मग सरांचा टाकला. मी स्क्रीन वाचली, पुन्हा वाचली, आणि मोबाईलच त्यांच्या हातात दिला. दोन्ही ग्रुप. पास. सरांनी चष्मा पुसला, प्रत्येक पेपरचे मार्क बोटानं मोजून बेरीज करून पाहिली, कारण मशीनवर एकदम विश्वास कशाला. मग काकूंना फोन लावला आणि म्हणाले, "झालं." काकू म्हणाल्या, "काय झालं? कोण गेलं?" मी हसता हसता रडले की रडता रडता हसले, मला आठवत नाही.

खरी गंमत पुढं झाली. आम्ही पेढे घेऊन बाजारपेठेत निघालो. बियाणेवाला म्हणाला, कशाचे? सीए झालो, सर म्हणाले. तो म्हणाला, तुम्ही तर होतेच ना. हलवाई म्हणाला, पुन्हा झाले का? लग्नपत्रिकेवाले म्हणाले, तेव्हा तुम्ही उगाच खोडलं. एका दुकानात नाही, दहा दुकानांत हेच. सर प्रत्येकाला सांगत होते की मी आजपर्यंत सीए नव्हतो, आणि प्रत्येक जण त्यांच्या नम्रतेचं कौतुक करत होता. शेवटी ते भर रस्त्यात थांबले आणि मला विचारलं, "इतकी वर्षं मी बोंबलून काय सांगत होतो माय?" इतक्या आनंदानं वैतागलेला माणूस मी परत पाहिलेला नाही.

रीतसर प्रमाणपत्र आलं. मी म्हटलं, आता पेंटरला बोलवू आणि पाटीवरचा 'नव्हे' पुसू. सर म्हणाले, थांब. तुझा एक ग्रुप राहिलाय. बसलो बरोबर, तर पुसूही बरोबर. मी वाद घातला की सर, पाटीवर आता खोटं लिहिलेलं आहे. पत्रिकेतली दोन अक्षरं ज्याला सहन झाली नाहीत, तो माणूस शांतपणे म्हणाला की असू दे, चार महिने हे खोटं मी चालवून घेईन. माझ्यासाठी कोणी एवढं मोठं काही सोडलं असेल असं मला वाटत नाही.

त्याच चार महिन्यांत तो सोयाबीनवाला मॅनेजर सभासदांचा ठराव घेऊन आला. कंपनीचं ऑडिट इथून पुढं सरांनीच करायचं, सहीही सरांचीच. सर फाइल घेऊन आठ दिवस बसले, दोनदा गोदामावर जाऊन आले. सहीचा दिवस आला. आता सहीबरोबर पोर्टलवरून एक नंबरही काढावा लागतो, तो मी काढून दिला. सरांनी सवयीनं पेन्सिल उचलली, मग ती खाली ठेवली आणि पेन घेतलं. तेवढ्यात मॅनेजर खुर्चीत चुळबुळला आणि म्हणाला, "सर, राग मानू नका. पण खाली पाटीवर तुम्ही सी. ए. नव्हे असं लिहून आहे. मंग तुमची सही कशी चालन?"

सरांनी पेन टेबलावर ठेवलं. उठले, टेबलाला वळसा घालून त्याच्याजवळ गेले आणि त्याला कडकडून मिठी मारली. तो बिचारा घाबरून माझ्याकडं बघत होता. इतक्या वर्षांत पाटी वाचणारा हा पहिला माणूस. सरांनी त्याला प्रमाणपत्र दाखवलं, निकालाचा कागद दाखवला, सगळं वाचायला लावलं, आणि त्याचं समाधान झाल्यावरच सही केली. सही बरीच वेडीवाकडी आली. त्या पानावरची फुली आम्ही खोडली नाही, कारण या वेळी ती मारलेलीच नव्हती.

माझा दुसरा ग्रुप पुढच्या परीक्षेत सुटला. पेंटर तोच, आता म्हातारा झालेला. सरांनी अट घातली की ब्रश माझ्या हातात द्यायचा. मी शिडीवर चढून 'नव्हे'वर निळा रंग मारला. खाली सर शिडी धरून, काकू पेढ्यांचा डबा धरून. जुना निळा उन्हानं फिकट झालेला, नवा गडद, त्यामुळं तिथं काहीतरी होतं हे आजही लांबून कळतं.

रंग ओला असतानाच बाजार समितीकडं जाणारे एक शेतकरी थांबले, वर पाहिलं आणि काळजीनं विचारलं, "सीए साहेब, पाटीवरचं काई गेलं काय हो?"

"हाव," सर शिडी न सोडता म्हणाले. "गेलं एकदाचं."